उत्तर गोव्यातील जुन्या वास्तू आणि गावाची जबाबदारी

(लाटंबार्से येथे ग्रामस्थ, देवस्थानांचे महाजन व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोव्यातील ऐतिहासिक वास्तू असे म्हटले की जुन्या गोव्याची चर्चे, आग्वादचा किल्ला आणि मंगेशी व शांतादुर्गा यांची देवालये एवढी नावे सहज ओठांवर येतात. प्रवासी मार्गदर्शिकांतून हीच नावे पुन:पुन्हा छापली जातात. लाटंबार्से, कासारपाल, नानोडा, लाडफे, वडावल ही नावे त्यांत क्वचितच आढळतात. यावरून या भागास इतिहास नाही असा समज कोणी करून घेतला, तर तो मात्र सर्वस्वी चुकीचा ठरेल. डिचोली, सत्तरी आणि पेडणे या तीन महालांत लेणी आहेत, किल्ले आहेत, वाडे आहेत, जैन बस्तींचे अवशेष आहेत आणि मशीदही आहे. या सर्वांचा थोडक्यात परामर्श घेऊन त्यांच्या जतनाबाबत आपणा सर्वांवर कोणती जबाबदारी येते, याचा विचार आज करावयाचा आहे.

नव्या काबिजादींचा प्रदेश

प्रथम या भूभागाचा राजकीय इतिहास ध्यानी घेतला पाहिजे, कारण येथील वास्तू टिकल्या कशा याचे उत्तर त्यातच आहे. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे प्रांत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. त्याच शतकात तेथील देवालये पाडण्यात आली आणि अनेक दैवते नदीपार हलविण्यात आली. आपला डिचोली महाल, ज्याचे जुने नाव भतग्राम, त्या काळी पोर्तुगीज सत्तेबाहेर होता. पुढे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल येथे राहिला. डिचोली व सत्तरी १७८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज राज्यात आले. हा मुलूख ‘नव्या काबिजादी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. तोवर दोन शतके लोटून गेली होती आणि राज्यकर्त्यांचे धर्मविषयक धोरण पुष्कळच बदलले होते. त्यामुळे येथील देवालये, गावकरी संस्था आणि देशमुख-सरदेसायांचे वाडे आपापल्या जागी राहिले.

लाटंबार्सेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. हे गाव सीमेवरचे. एका अंगाला बारदेश, दुसऱ्या अंगाला दोडामार्ग. राजकीय सीमा येथून गेली, तरी सोयरीक, कुलदैवते, जत्रा आणि दशावतारी नाटके यांनी ती कधी मानली नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याच्या तुकड्या दोडामार्गाच्या बाजूने गोव्यात आल्या आणि दुसऱ्याच दिवशी गोवा मुक्त झाला. तेव्हा या भागातील जुन्या रस्त्यांनाही इतिहासाचा साक्षीदार म्हणावयास हरकत नाही.

दगडात कोरलेला व दगडावर लिहिलेला इतिहास

सर्वांत प्राचीन खुणा लेण्यांच्या आहेत. साखळीजवळील हरवळे येथे जांभ्या दगडात कोरलेली लेणी असून लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. त्यांतील शिवलिंगे आजही पाहावयास मिळतात. अभ्यासक त्यांचा काळ साधारणपणे सहावे-सातवे शतक असा मानतात. डिचोली शहरालगत लामगाव येथेही अशीच लेणी आहेत. जांभा हा कोरावयास सोपा, परंतु झिजावयासही तितकाच सोपा दगड आहे. महाराष्ट्रातील काळ्या दगडातील लेण्यांवर जसे बारीक नक्षीकाम दिसते तसे येथे दिसत नाही. म्हणून त्यांचे महत्त्व उणे ठरत नाही. कुडणे येथील गुजीर आणि नार्वे येथील जैनकोट या ठिकाणचे अवशेष जैन धर्माच्या येथील वास्तव्याची साक्ष देतात.

या सर्व स्थळांत नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराचे देवालय आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत. त्याचे मूळ देवालय दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडल्यानंतर लिंग नदीपार डिचोली महालात आणण्यात आले. छत्रपती शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६८ मध्ये या देवालयाच्या उभारणीची आज्ञा दिली. ही गोष्ट आपण एवढ्या निश्चितपणे सांगू शकतो ती केवळ दंतकथेच्या आधारावर नव्हे. प्रवेशद्वारावरील शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार अशी स्पष्ट नोंद आहे. एका दगडावरील या चार शब्दांनी साडेतीन शतकांची साक्ष जपली. मधल्या काळात कोणा उत्साही माणसाने त्या दगडावर गिलावा चढविला असता, अथवा ‘जुना दगड’ म्हणून तो पायात घातला असता, तर आज आपण याविषयी वादच घालीत बसलो असतो. हे देवालय राज्याच्या पुरातत्त्व खात्याने दुरुस्त केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा लोकांसाठी खुले झाले. त्याचा बैठा घुमट आणि उतरत्या छपराचा मंडप हे मूळ रूप कायम राहिले, ही त्या कामातील मोठी गोष्ट होय.

डिचोली शहरात नमाजगाह नावाची वास्तू आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर १६८१ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयास आला. पुढे संभाजी महाराजांच्या गोव्यावरील मोहिमेच्या काळात, १६८३ च्या सुमारास, त्याचे वास्तव्य डिचोलीस होते आणि ही वास्तू त्याच काळातील असल्याचे परंपरा सांगते. मराठा छत्रपती, मोगल शाहजादा आणि पोर्तुगीज विजरई या तिघांच्या राजकारणाचे एक टोक डिचोलीच्या बाजारपेठेपर्यंत येऊन पोहोचले होते, याची आठवण ती वास्तू करून देते. सत्तरीतील नाणूसचा किल्लाही असाच. २६ जानेवारी १८५२ रोजी दिपाजी राणे यांनी तेथून पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठाव केला आणि तो १८५५ पर्यंत चालला. राणे घराण्याचे ठाणे जी साखळी, ती आपल्या शेजारचीच.

पेडणे महाल

शापोरा नदी ओलांडली की पेडणे महाल लागतो. नदीकाठचा हळर्णचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. ५ मे १७४६ रोजी तो पोर्तुगीजांनी घेतला आणि या विजयाबद्दल त्यांच्या विजरईस ‘मार्केझ द आलोर्न’ हा किताब मिळाला. आपल्या एका खेड्याचे नाव अशा रीतीने युरोपातील एका सरदार घराण्यास चिकटले! समुद्रकाठचा तेरेखोलचा किल्लाही भोसल्यांनीच बांधला व त्याच वर्षी तोही पोर्तुगीजांकडे गेला.

पेडणे शहरातील देशप्रभू घराण्याचा वाडा हा गोव्यातील हिंदू सरदारी वास्तूंचा उत्तम नमुना आहे. भव्य प्रवेशद्वार, आत एकामागून एक चौक, पालख्या व जुन्या वस्तूंचा संग्रह अशी त्याची रचना आहे. पोर्तुगीज राजवटीत या घराण्यास व्हिश्कोंद हा किताब होता. जवळच श्री भगवतीच्या देवालयापुढे दोन्ही बाजूंस काळ्या दगडाचे दोन भव्य हत्ती उभे आहेत. मळपे येथील मुळवीराच्या देवालयातील भित्तिचित्रेही जाणकारांच्या परिचयाची आहेत.

घर हा एक दस्तऐवज

येथवर सांगितलेल्या वास्तू थोरामोठ्यांच्या, देवाधर्माच्या अथवा लढायांच्या आहेत. आता सामान्य गृहस्थाच्या घराकडे वळू. कोणत्याही वाड्यावरचे ऐंशी-शंभर वर्षांचे घर हा एक दस्तऐवज असतो. तो वाचता आला पाहिजे.

आपल्याकडील जुन्या घराची रचना पाहा. पुढे ओटा व ओसरी, अंगणात तुळशीवृंदावन, आत राजांगण म्हणजे मधला उघडा चौक, त्याच्या चारी बाजूंस पडवी, त्यामागे माजघर, देवघर, कोठार आणि बाळंतिणीची खोली. मागल्या अंगास न्हाणी, विहीर व गोठा. या रचनेत केवळ सोय नाही. त्या काळची कुटुंबव्यवस्था आहे. पाहुण्याने कोठवर यावे, कुळाने कोठे बसावे, स्त्रियांनी उजेडात काम कोठे करावे, याचे नियम भिंतींच्या रूपाने उभे केलेले असतात. ते सर्व नियम चांगलेच होते असे मी म्हणत नाही. पुष्कळसे अन्यायाचे होते आणि ते गेले हे योग्यच झाले. परंतु अन्यायाचाही पुरावा जपून ठेवावा लागतो.

घराचा काळ ठरविण्यासही काही साधने आहेत. छपरावर नळे आहेत की सपाट मंगळुरी कौले, हे पाहावे. मंगळूर येथे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. तेव्हा अशा कौलांचे छप्पर त्यापूर्वीचे असू शकत नाही. कौलाच्या मागील बाजूस कारखान्याचे नाव व कधीकधी सालही उमटविलेले असते. मात्र त्यावरून छपराचा काळ कळतो, भिंतींचा नव्हे, कारण छप्पर मागाहून बदललेले असू शकते. भिंत मातीची आहे की चिऱ्याची, चिरे चुन्यात बसविले आहेत की चिखलात, खिडकीस काच आहे की शिंपल्यांची तावदाने, खांब फणसाचा की सागवानी, या प्रत्येक गोष्टीतून काही ना काही निष्पन्न होते. माळ्यावर अथवा देवघराच्या कोनाड्यात जुन्या कागदांचे रुमाल असल्यास ते तर अमोलच समजावेत. हे कागद बहुधा मोडी लिपीत असतात आणि म्हणूनच ते ‘कळत नाहीत’ या कारणास्तव जाळले जातात किंवा रद्दीत जातात. गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ मध्ये स्थापन झालेले असून देशातील जुन्या संग्रहांत त्याची गणना होते. त्या दप्तरांचे अनेक वर्षे मन लावून संशोधन करणारे इतिहासकार डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर हे आपल्या शेजारच्या सत्तरीतील पिसुर्लेचे. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांचा इतिहास त्यांनी अशा कागदांतूनच उलगडला. खेडेगावातील एका मुलाने हे कार्य केले, ही बाब येथील विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानी घ्यावी.

लहानसहान खुणा

घराबाहेर आलो की गावाच्या लहानसहान खुणा दिसू लागतात. कासारपालचे श्री कालिका देवीचे देवालय आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचे आहे. खांबांच्या रांगांनी विभागलेले त्याचे मंडप, उत्सवातील नाटकांसाठी आत असलेला रंगमंच आणि सभोवतीच्या अग्रशाळा यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते, की देवालय हे पूजास्थान तर होतेच, शिवाय नाट्यगृह, धर्मशाळा आणि सभास्थान अशा तिन्ही प्रकारे गावाच्या व दूरदूरच्या कुळाव्यांच्या उपयोगी पडत होते. गावाच्या नावातील ‘कासार’ हा शब्दही कान देऊन ऐकण्यासारखा आहे, कारण डिचोलीच्या तांब्यापितळेच्या कामाची, विशेषतः समयांची, ख्याती जुनी आहे.

धालो आणि शिगमा ज्यावर होतो तो मांड, सातेरीची रोयण, देवाची राय, वाटेवरचा वेताळ, गजलक्ष्मीची शिळा जिला आपण केळबाय म्हणतो, वीरगळ आणि सतीशिळा, बारमाही झरीवर बांधलेले कुंड, ही सर्व स्थळे स्मारकेच होत. त्यांपैकी कित्येकांना छप्पर नाही, भिंत नाही. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मोरजीची मोरजाई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी होत, अशी लोकांची श्रद्धा आहे. देवालये आणि एक चर्च यांना नात्याने बांधणारी ही कथा तीन तालुक्यांतील गावांना एकत्र जोडते. तिच्यातील एखादे स्थळ नाहीसे झाले तर कथेचा तो दुवा निखळेल.

वास्तू नाहीशा का होतात?

शत्रूने पाडलेल्या वास्तूंची गणना आपण आवेशाने करतो. गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपल्याच हातून गेलेल्या वास्तूंची गणना कोणी केलेली नाही. त्यामागील कारणे शांतपणे पाहिली पाहिजेत.

पहिले कारण वारसाहक्काचे. एका घराचे पंधरा-वीस वारसदार होतात. कोणी मुंबईस, कोणी परदेशी. दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा यावर एकमत होत नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मृगापूर्वीची शाकारणी दोन वर्षे चुकली की वासे कुजतात, तिसऱ्या वर्षी भिंतीत पाणी शिरते आणि पुढे मातीचा ढीग उरतो. घर पाडावयास कोणी येत नाही. ते एका न केलेल्या शाकारणीने पडते.

दुसरे कारण सिमेंटचे. चिऱ्याची वा मातीची भिंत ओलावा घेते आणि सोडते. चुन्याचा गिलावा तिला श्वास घेऊ देतो. तिच्यावर सिमेंटचा जाड थर दिला की ओल आतच कोंडते, चिरा पोकळ होतो आणि काही वर्षांनी थर दगडाचा पापुद्रा घेऊनच सुटतो. खर्च करून घराचे आयुष्य कमी करावयाचा हा प्रकार होय.

तिसरे कारण बोलताना मला संकोच वाटतो, कारण ते भक्तीच्या पोटी जन्मलेले आहे. जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ जीर्ण झालेले उद्धरणे असा आहे. आपण मात्र त्याचा अर्थ जुने पाडून नवे बांधणे असा करून घेतला. लाकडी कोरीव खांब जाऊन संगमरवरी फरश्या येतात, वीरगळ कुंपणात लागतात, झिजलेली मूर्ती विसर्जित होऊन नवी बसते. महाजनांचा हेतू शुद्ध असतो, देणगीदारांची श्रद्धा खरी असते आणि तरीही शेकडो वर्षांचा पुरावा एका उन्हाळ्यात नष्ट होतो. हा प्रश्न केवळ आपलाच नव्हे. इंग्लंडमध्ये जुनी चर्चे ‘सुधारण्या’च्या नावाखाली ओरबाडली जाऊ लागली, तेव्हा विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये लंडन येथे प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. नवे रूप देण्यापेक्षा रोजची डागडुजी करा, असा तिचा आग्रह होता. आपल्या आजोबांची शाकारणी याच तत्त्वावर चालत होती.

चौथे कारण खाणींचे. डिचोली तालुक्याने लोहखनिजाच्या व्यवसायातून रोजगार मिळविला हे खरे. त्याचबरोबर डोंगर, झरी आणि पायवाटा गमावल्या हेही खरे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि अलीकडे काही पुन्हा सुरू झाल्या आहेत. ज्या डोंगरावर देवाची राय होती तो डोंगरच राहिला नाही, तर नुसते नाव उरते.

कायदा काय करू शकतो?

केंद्र शासनाचा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांविषयीचा कायदा १९५८ चा आहे. गोवा, दमण व दीवसाठी तशाच स्वरूपाचा कायदा १९७८ मध्ये झाला. केंद्राच्या संरक्षणाखाली गोव्यात सुमारे २० आणि राज्याच्या संरक्षणाखाली पन्नासच्या आसपास स्मारके आहेत. गोव्यात तीनशेहून अधिक गावे आहेत. हिशेब सरळ आहे : बहुसंख्य गावांतील एकही वास्तू संरक्षित यादीत नाही आणि उद्या ही यादी दुप्पट झाली तरी तुमचे-आमचे घर, मांड अथवा कुंड तीत येण्याचा संभव थोडा. प्रत्येक जुन्या घरावर शासनाने पहारा ठेवावा ही अपेक्षा व्यवहार्य नाही आणि इष्टही नाही. राज्यघटनेच्या ५१ क या अनुच्छेदात, १९७६ च्या दुरुस्तीने, आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद झाले, ते याच जाणिवेने.

आणखी एक कायदा आपणास ठाऊक असावा. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, कोरीव लाकूडकाम, धातूची कलावस्तू ही पुरावस्तू ठरते. खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. जुन्या चौकटी, समया आणि पेटारे अल्प किमतीस मागत फिरणारे लोक आपल्या दारी येतात, तेव्हा याचे स्मरण ठेवावे.

नोंद म्हणजे जप्ती नव्हे

नोंदीचा विषय निघाला की घरमालकाच्या मनात एक शंका येते : माझ्या घराची नोंद झाली तर शासन ते ताब्यात घेईल, मला खिडकीही बदलू देणार नाही. ही भीती निराधार म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते, हे लोकांनी ऐकलेले असते. परंतु संरक्षित स्मारक आणि नोंदलेली वास्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्रीय कायद्यानुसार एखादे स्मारक संरक्षित करण्यापूर्वी दोन महिन्यांची सूचना द्यावी लागते आणि हरकती ऐकून घ्याव्या लागतात. गावाने आपल्या माहितीसाठी ठेवलेल्या नोंदवहीने मालकीत तिळमात्रही फरक पडत नाही.

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण उपयुक्त आहे. तेथे १९६६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. आज तीत ९५,००० हून अधिक नोंदी आहेत. राष्ट्राध्यक्षांची निवासस्थाने तीत आहेतच. पण शेतकऱ्यांची घरे, कोठारे, शाळा, गिरण्या आणि लहान गावांचे बाजारही आहेत. व्हर्मॉन्टसारख्या ग्रामीण राज्यात लाकडी छप्पर असलेले शंभराच्या आसपास जुने पूल लोकांनी सांभाळून ठेवले आहेत. ज्या देशाच्या बहुतेक गावांचे वय दोन-अडीचशे वर्षांहून अधिक नाही, तो देश आपल्या ओढ्यावरच्या पुलाची नोंद ठेवतो. मालकाने हरकत घेतल्यास खाजगी घर त्या नोंदवहीत घातले जात नाही आणि स्वतःच्या पैशाने त्याने घरात फेरफार केले तर केवळ त्या नोंदीमुळे त्यास अडविलेही जात नाही. नोंदीमुळे घडते ते एवढेच, की पाडण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबतो. तो क्षण पुष्कळदा पुरेसा असतो.

गावाची नोंदवही

म्हणून माझी सूचना साधी आहे. शाळा, ग्रामपंचायत आणि देवस्थाने यांनी मिळून प्रत्येक वाड्यावरील जुन्या वास्तूंची व स्थळांची एक नोंदवही तयार करावी. तीत सहा रकाने असावेत : स्थळाचे नाव व वाडा; रचनेचे वर्णन व मापे; काळाविषयीचा पुरावा; लोकांत सांगितली जाणारी माहिती; सद्यस्थिती; आणि छायाचित्र. तिसरा व चौथा रकाना कटाक्षाने वेगळा ठेवावा. ‘पांडवांनी एका रात्रीत खोदले’ ही माहिती चौथ्या रकान्यात जाईल, आणि ती कोणी, किती वयाच्या माणसाने, कोणत्या तारखेस सांगितली हेही तेथे लिहावे. शिलालेख, कागद, कौलावरील ठसा हा पुरावा तिसऱ्या रकान्यात जाईल. दोहोंचे मोल आहे. मिसळ झाली की दोन्ही निरुपयोगी होतात. मालकाची संमती असेल तरच घराच्या अंतर्भागाची नोंद करावी आणि मौल्यवान वस्तूंचा उल्लेख टाळावा.

यास मोठा निधी लागत नाही. मोजपट्टी, वही आणि आजकाल घरोघरी असलेला छायाचित्र घेणारा दूरध्वनी एवढी सामग्री पुरे. मापे घेणे हा गणिताचा पाठ आहे, आजीला विचारून लिहिणे हा भाषेचा पाठ आहे. घरी मोडी कागद असतील तर ते उन्हात न वाळवता, चिकटपट्टी न लावता, स्वच्छ सुती फडक्यात बांधून ठेवावेत आणि पणजीच्या पुराभिलेखागारातील जाणकारांस दाखवावेत. महाजनांस माझी विनंती अशी की, कोणताही जीर्णोद्धार हाती घेण्यापूर्वी जुन्या वास्तूची सर्व बाजूंनी छायाचित्रे व मापे घ्यावीत, काढलेले खांब, शिळा आणि वीरगळ आवारातच एका पडवीत मांडून ठेवावेत आणि पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्यावा. घरमालकांस एवढेच सांगतो की, सर्व घर सांभाळणे झेपत नसेल तर निदान राजांगण आणि पुढील ओसरी राखावी. तेही न झेपले, तर पाडण्यापूर्वी नोंद होऊ द्यावी.

जी घरे आज उभी आहेत, त्यांपैकी काही पुढल्या पिढीस दिसणार नाहीत, हे मान्य करूनच आपण चालले पाहिजे. प्रत्येक घर वाचविता येणार नाही. परंतु एखादे घर पडले आणि त्याविषयी एक ओळही कोठे लिहून राहिली नाही, तर ते दोनदा पडले असे होते. येत्या पावसाळ्यापूर्वी लाटंबार्सेच्या एका वाड्याची जरी नोंद पूर्ण झाली, तरी शेजारच्या गावांस ते उदाहरण होईल, आणि त्या नोंदवहीची एक प्रत पुराभिलेखागारात जमा झाली तर ती कायमची सुरक्षित राहील.